इंदूरहून उल्कावर्षाव बघायचाय? दुर्बीण राहू द्या, दिनदर्शिका आणि रजई काढा

माझी उल्कावर्षावाची पहिली रात्र खरं तर पावसाची रात्र होती. ऑगस्टची १२ तारीख, पेपरात वाचलेलं की आज तासाला शंभर तारे तुटणार, म्हणून मी आणि आत्तेभाऊ सुदामा नगरच्या आमच्या गच्चीवर सतरंजी टाकून बसलो, अकराला ढग, बाराला ढग आणि साडेबाराला जी सर आली तिने आम्हाला सतरंजीसकट जिन्यात पिटाळलं. आजी खालूनच म्हणाली, "अरे श्रावणात कोणी आकाश बघतं का?" तेव्हा हसलो आम्ही, पण इंदूरपुरतं बोलायचं तर गणित आजीचंच बरोबर होतं.

नेटवर मिळणारे बहुतेक गाइड युरोप-अमेरिकेच्या हिशोबाने लिहिलेले असतात, तिकडे ऑगस्ट म्हणजे सुट्टी आणि मोकळं आकाश. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत भरवसा नाही. म्हणून हे सगळं माळव्यात बसून, इथल्या आकाशाच्या आणि इथल्या रस्त्यांच्या हिशोबाने लिहितोय. रामबागेतले, लोकमान्य नगरातले बरेच जण विचारतात की टेलिस्कोप कोणता घेऊ, तर त्यांना आधीच सांगतो, पैसे वाचवा. टेलिस्कोपमधून आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो आणि उल्का अख्ख्या आकाशात कुठेही पडते, त्यामुळे या कामाला उघड्या डोळ्यांपेक्षा भारी यंत्र नाही.

तारा तुटतो म्हणजे काय होतं

पटकन सांगतो. धूमकेतू सूर्याजवळून जाताना धुळीचा पट्टा मागे सोडतो, पृथ्वी दरवर्षी त्याच तारखांना त्या पट्ट्यातून जाते, आणि वाळूच्या कणाएवढे, कधी हरभऱ्याएवढे खडे सेकंदाला तीस-चाळीस, कधी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगाने हवेत घुसतात. समोरची हवा इतकी दाबली जाते आणि तापते की कण जळून जातो आणि ती हवाच चमकते. हे सगळं साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर होतं. इंदूरपासून मांडूपर्यंतचा रस्ता उचलून उभा केला तर त्याच्या वरच्या टोकाशी, एवढ्या जवळ. तारा बिरा काही तुटत नाही.

सगळे कण एकाच दिशेने समांतर येतात म्हणून सरळ लांब जाणारे रेल्वेचे रूळ दूरवर एका जागी मिळाल्यासारखे वाटतात ना, तसं या रेषा मागे ओढल्या की आकाशातल्या एका जागेतून निघाल्यासारख्या दिसतात. त्या जागेला उगमबिंदू म्हणू. तो ज्या तारकासमूहात त्याचं नाव त्या वर्षावाला, मिथुन म्हणजे जेमिनीतून येणारे ते जेमिनिड्स.

कोणता वर्षाव निवडायचा

इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा सावकाश.

इंदूरवाल्यांनी वर्षातून एकच रात्र जागायची ठरवली असेल तर ती १३-१४ डिसेंबरची ठेवा, जेमिनिड्सची. पावसाळा कधीच संपलेला, आकाश बहुतेक वेळा कोरडं, रात्र लांबलचक, आणि हा सगळ्यात भरघोस वर्षाव. आदर्श आकाशात तासाला १५० पर्यंत. कण सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात, इतरांच्या मानाने हळूच, त्यामुळे रेघ नीट बघून होते, "कुठे कुठे" म्हणेपर्यंत संपत नाही. गंमत अशी की याचा जन्मदाता धूमकेतू नाहीच, १९८३ साली सापडलेला फेथॉन नावाचा लघुग्रह आहे. आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे उगमबिंदू संध्याकाळी साडेसातच्या सुमारासच ईशान्येला उगवतो, दहापर्यंत तीसेक अंश वर येतो आणि रात्री सव्वादोनच्या आसपास जवळजवळ डोक्यावर. म्हणजे ज्यांना सकाळी ड्यूटी आहे, ज्यांच्याकडे लहान पोरं आहेत, त्यांनाही दहा ते बारात बरंच काही मिळतं. बाकीचे बहुतेक वर्षाव मध्यरात्रीनंतरच रंगतात.

दुसरा नंबर मी मे महिन्याला देतो, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. ५-६ मेच्या आसपास ईटा अ‍ॅक्वारिड्स असतात, हॅलेच्या धूमकेतूची धूळ. तो धूमकेतू १९८६ ला येऊन गेला आणि आता २०६१ ला येणार, तोवर त्याची धूळ तरी बघून घ्या. हा वर्षाव उत्तरेकडच्या देशांना फारसा दिसत नाही, दक्षिणेकडे सरकाल तसा चांगला, आणि आपण २२-२३ अक्षांशावर असल्यामुळे आपल्याला ठीकठाक मिळतो. उगमबिंदू रात्री दोनच्या सुमारास पूर्वेला उगवतो, पहाटे तीन ते साडेचार ही खरी वेळ, त्यानंतर उजाडायला लागतं. वेग सेकंदाला ६६ किलोमीटर, त्यामुळे सर्रकन जातात आणि मागे चमकणारी रेघ क्षणभर राहते. मेमध्ये तसेही आपण गच्चीवर गाद्या टाकतोच, फक्त तीनचा अलार्म लावायचा.

ऑक्टोबरच्या २१ च्या आसपासचे ओरायनिड्स पण हॅलेचेच, तासाला वीसच्या आत, पण पावसाने धुतलेलं आकाश असतं म्हणून मजा येते. नोव्हेंबरच्या १७-१८ चे लिओनिड्स एरवी दहा-पंधरावर अडकलेले, पण दर ३३ वर्षांच्या फेऱ्यात कधी कधी वेडे होतात, १८३३ आणि १९६६ ला अक्षरशः वादळ झालं होतं. ३-४ जानेवारीचे क्वाड्रान्टिड्स आकड्याने तगडे, पण जोर जेमतेम काही तास आणि वर आपल्याकडे तेव्हा धुकं. एप्रिलच्या २२ चे लिरिड्स असेच, जागे असाल तर बघा. आणि १२-१३ ऑगस्टचे पर्सिड्स, त्यांची कथा वर सांगितलीच. तरी ढग फाटले तर मध्यरात्रीनंतर गच्चीवर एक चक्कर मारायला हरकत नाही, फक्त त्यासाठी सुट्टी टाकू नका.

चंद्राचं काय, तर तिथी बघा

चांदणं असेल तर वर्षाव अर्धाही दिसत नाही. यासाठी लोक अ‍ॅप डाउनलोड करतात, अरे स्वयंपाकघरातल्या दारामागे दिनदर्शिका टांगलेली आहे की. संकष्टीला उपास सोडायला चंद्रोदय किती वाजता, हे ज्या घरात पाठ असतं त्या घराला हे शिकवायची गरजच नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्तालाच उगवतो, त्यानंतर रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा, म्हणून वद्य चतुर्थीला नऊच्या आसपास आणि वद्य अष्टमीला मध्यरात्री. उलट शुद्ध पक्षात चंद्र संध्याकाळपासून असतो आणि मावळायची वेळ पुढे पुढे जाते, शुद्ध अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो.

म्हणजे हिशोब सोपा. शुद्ध प्रतिपदा ते सप्तमी असेल तर मध्यरात्रीनंतर बसा, वद्य सप्तमी ते दशमी असेल तर बाराच्या आत उरका, वद्य एकादशी ते अमावास्या असेल तर जवळजवळ रात्रभर रान मोकळं. शुद्ध एकादशी ते वद्य चतुर्थी, म्हणजे पौर्णिमेच्या दोन्ही बाजूंना, अपेक्षा कमी ठेवा. एक घोळ मात्र इंदुरात हमखास होतो, आपला महिना अमावास्येला संपतो आणि शेजारच्या शर्माजींचा पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षात आपला कार्तिक त्यांचा मार्गशीर्ष असतो. महिन्याच्या नावावर वाद घालू नका, तिथी दोघांचीही तीच आणि चंद्र पण तोच.

२०२६ चं उदाहरण घ्या. ९ डिसेंबरला अमावास्या, जेमिनिड्स चंपाषष्ठीच्या आसपास, कोवळा चंद्र दहा-साडेदहापर्यंत मावळून मोकळा, पुढची अख्खी रात्र काळी. त्या वर्षी १३-१४ आणि १४-१५ या दोन्ही रात्री हाताशी ठेवा, १३ ला रविवार आहे त्यामुळे सोमवारच्या ऑफिसचं काय ते आधीच बघा. त्याच वर्षी १२ ऑगस्टला पण अमावास्या, पर्सिड्सला चंद्राचा काही त्रास नाही, त्रास झाला तर ढगांचाच. आणि २०२७ ला १३ डिसेंबरलाच पौर्णिमा, त्या वर्षी जेमिनिड्सच्या नावाने रजई ओढून झोपलेलं बरं.

जागा

तासाला १५० हा आकडा वाचून गच्चीवर जाणारा माणूस अर्ध्या तासात शिव्या देत खाली येतो. तो आकडा अगदी काळं आकाश आणि उगमबिंदू बरोबर डोक्यावर असं धरून काढलेला असतो. अंधुक तारे दिसेनासे झाले की अंधुक उल्काही जातात, आणि उल्का बहुतेक अंधुकच असतात. मोटा हिशोब सांगतो, जेमिनिड्सच्या रात्री दोन वाजता जिथे १५० चा दावा, तिथे शहराबाहेर पंचवीस-तीस किलोमीटरवर ३५ ते ६०, आणि शहरातल्या गच्चीवर दहा-पंधरा. राजवाड्याच्या आसपास राहत असाल तर त्याहून कमी.

शिवाय डिसेंबरचा पहिला पंधरवडा म्हणजे खरमास लागायच्या आधीचे शेवटचे मुहूर्त. बायपासच्या दोन्ही बाजूंचे मॅरेज गार्डन उजळलेले, आणि हल्ली ते आकाशात फिरणारे लाईट सोडतात ना, एका वर्षी आम्ही बायपासजवळच्या एका शेतात जागा पकडली आणि समोरच्या वरातीने अकरा ते एक आमच्या मृग नक्षत्रावर झाडू फिरवला. म्हणून नियम असा की जागा दिवसा ठरवायची आणि रात्री एकदा आधीच जाऊन बघायची.

माझी आवड दक्षिणेकडची. महूच्या पुढे जानापाव, समुद्रसपाटीपासून ८५४ मीटर, माळव्यातल्या सगळ्यात उंच टोकांपैकी एक, चंबळेचा उगम इथलाच. इथून इंदूरचा उजेड ईशान्येला आणि पीथमपूरचा उत्तरेकडे राहतो, पण दक्षिणेला पठार संपून निमाड सुरू होतो आणि तिकडे बराच अंधार असतो. वर परशुरामाचं देऊळ आहे, रात्री थांबायचं तर देवळातल्या लोकांना संध्याकाळीच भेटून विचारा, न विचारता बाराला गाडी घेऊन वर जाणं बरं दिसत नाही. महू-मंडलेश्वर रस्त्यावर अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा आहे, तिथूनही निमाडकडचं आकाश मस्त मोकळं. चोरल, सिमरोलकडे धरणाच्या आसपास मोकळ्या जागा आहेत पण दव फार. मांडूला मुक्कामच करता आला तर उत्तम, लांब आहे पण हॉटेलच्या आवारातले दिवे बंद करायला सांगितले की काम झालं.

महूच्या बाजूला लष्कराची हद्द आहे, फलक दिसला की मागे फिरा, आकाश बघतोय म्हणून कोणी ऐकून घेणार नाही. या जंगलपट्ट्यात बिबट्या आहे, त्यामुळे एकट्यादुकट्याने झाडीत बसू नका, चार-पाच जण असा, गाडीजवळ असा, खाण्याची पाकिटं उघडी टाकू नका. जवळच्या गावात एकाला तरी सांगून ठेवा की आम्ही इथे आहोत, नाहीतर रात्री दोनला अंधारात पडलेली पाच माणसं बघून गाववाल्यांचा जो समज होईल तो होईल.

जाताच येत नसेल तर गच्ची. तिथे एक जुगाड, समोरचा स्ट्रीट लाईट डोळ्यात येत असेल तर काळी छत्री उघडून त्या बाजूला कठड्याला बांधा, पाण्याच्या टाकीच्या सावलीत गादी टाका. लोक हसतील, हसू दे.

आकाश किती काळं आहे ते तपासा

यासाठी यंत्र लागत नाही, कृत्तिका लागतात. डिसेंबरात रात्री दहाच्या सुमारास डोक्यावर छोटासा झुबका दिसतो तो. त्यात नुसता धुरकट डाग दिसला तर आकाश वाईट, सहा तारे सुटे मोजता आले तर चालेल, सात-आठ मोजले तर बसा, उठू नका. मध्यरात्रीनंतर सप्तर्षी ईशान्येला वर आले की दुसरी परीक्षा, लग्नात गुरुजी दाखवतात ती अरुंधती. वसिष्ठाच्या बाजूला ती सहज दिसायला हवी. लग्नात दिवसाढवळ्या "दिसली दिसली" म्हटलेलं असतं तसं नको, खरंच दिसली पाहिजे.

सोबत काय न्यायचं

डिसेंबरात पहाटे पारा आठ-दहावर येतो आणि टेकडीवर वारा, शिवाय आपण हलत नसतो, नुसते पडलेले असतो, म्हणून सकाळी फिरायला जाताना घालता त्याच्या दुप्पट कपडे. खाली प्लास्टिकची ताडपत्री, त्यावर सतरंजी, त्यावर जुनी गादी किंवा दोन गोधड्या, कारण ठंड वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. वर रजई, कानटोपी, दोन जोडी मोजे. दव पडलं की रजई वरून भिजते, तिच्यावर एक जुनी चादर टाका. आरामखुर्ची असेल तर सगळ्यात छान, मान दुखत नाही. उभं राहून वर बघणारा माणूस वीस मिनिटांत खाली बघायला लागतो.

टॉर्चला लाल पतंगाचा कागद दोन-तीन पदरी गुंडाळा, रबर लावा. थर्मासमध्ये चहा, डब्यात लौंग सेव, गजक, घरच्या तिखटमिठाच्या पुऱ्या. रात्री सराफ्यावर गराडू हाणून निघायचा बेत असेल तर बेत चांगला आहे पण झोप येते, अनुभव आहे.

प्रत्यक्ष रात्र

पोचल्यावर गाडीचे दिवे, केबिन लाईट सगळं बंद, दरवाजा उघडला की लाईट लागतो तो पण सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मग वीस ते तीस मिनिटं काहीच अपेक्षा नको. डोळ्यांची बाहुली लगेच मोठी होते, पण पडद्यातलं अंधारात काम करणारं रसायन तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि मोबाईलचा पांढरा स्क्रीन दोन सेकंद बघितला की बरंचसं पाणी ओतलं. हेच सगळ्यात अवघड आहे. आमच्या ग्रुपचा नियम म्हणजे मोबाईल डिकीत, ज्याने काढला त्याने सकाळचे पोहे द्यायचे. भाऊ दरवर्षी देतो.

आता बघायचं कुठे. आधी मृग शोधा, तीन ताऱ्यांचा बाण, चार कोपऱ्यांचे चार तारे. त्यातला निळसर राजन्य आणि तांबूस काक्षी, राजन्यापासून काक्षीकडे रेघ ओढून तशीच पुढे नेली की दोन जवळजवळ सारखे तारे लागतात, ते पुनर्वसू, मिथुनेचे दोन भाऊ. उगमबिंदू त्यातल्या उत्तरेकडच्या ताऱ्याजवळ. शोधलात? आता तिकडे बघू नका. खरंच. उगमाजवळच्या उल्का आपल्याकडेच तोंड करून येतात म्हणून आखूड, ठिपक्यासारख्या दिसतात, लांब रेघा त्याच्यापासून चाळीस-पन्नास अंश बाजूला. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश, म्हणजे चार-पाच मुठी. जानापावला असाल तर शहराकडे पाठ करून, दक्षिणेला, अर्ध्या आकाशाच्या उंचीवर नजर टाकून ठेवा आणि नजर सैल सोडा. एका ताऱ्याकडे टक लावायची नाही.

उल्का ओळीने येत नाहीत. दहा मिनिटं शुकशुकाट आणि मग एका मिनिटात चार. याच दहा मिनिटांत लोक उठून चहा ओततात आणि मग सगळ्यात मोठी जाते. निदान एक तास सलग, शक्य असेल तर बारा ते तीन. आठ-नऊच्या सुमारास, उगमबिंदू खाली असताना, कमी दिसतात पण एखादी अशी निघते की आकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकत जाते, कारण ती हवेला घासूनच चाललेली असते. तेवढ्यासाठी लवकर पोचणं वसूल.

मोजणार असाल, आणि मोजाच, त्याशिवाय डोळा शिकत नाही, तर एकाने वहीत अंधारात पेन्सिलने रेघा मारायच्या, दर पंधरा मिनिटांनी आडवी रेघ. रेघ मागे नेऊन मिथुनेत पोचली तर जेमिनिड, नाही तर भटकी, अशा भटक्या कुठल्याही काळ्या रात्री तासाला पाच-दहा पडतातच. प्रत्येकाने आपलीच मोजणी ठेवायची, "मला दिसली, तुला दिसली का" असं सगळ्यांचं एकत्र करून आकडा फुगवायचा नाही. वेळ, जागा, आकाश किती काळं, ढग किती हे नीट लिहिलं तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा हौशी नोंदी ऑनलाइन घेते आणि त्यांच्या आलेखात आपला इंदूरचा ठिपकाही जातो.

ती उल्का नव्हे

लुकलुकत, लाल-हिरवे दिवे घेऊन चाललेलं ते विमान, अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरणारं. न लुकलुकता दोन-तीन मिनिटं शांत सरकणारा ठिपका म्हणजे उपग्रह. एकामागे एक आगगाडीसारखे ठिपके म्हणजे नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह. उल्का सेकंदाच्या आत-बाहेर संपते, फार तर दोन-तीन सेकंद.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात आणि आपल्या मध्य प्रदेशात आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग गेली आणि फॅमिली ग्रुपवर उल्कापात म्हणून धडाधड व्हिडिओ फिरले. तो चिनी रॉकेटचा भाग होता, चंद्रपूर जिल्ह्यात त्याची धातूची मोठी कडी पडलेली सापडली. ओळखायची खूण हीच की तुकडे होत होत, हळूहळू, आडवं, व्हिडिओ काढायला वेळ मिळेल इतकं सावकाश गेलं तर ते माणसाने वर पाठवलेलंच परत येतंय. खरी उल्का दाखवायला तुम्ही बोट वर करेपर्यंत संपलेली असते.

फोटो

मोबाईलनेही होतो, पण ट्रायपॉड पाहिजेच, नसेल तर विटांवर टेकवा. प्रो मोडमध्ये आयएसओ १६०० ते ३२००, शटर १५ ते ३० सेकंद, फोकस हाताने अनंतावर. मोठ्या कॅमेऱ्याला रुंद लेन्स, १४ ते २४ मिलिमीटर, छिद्र एफ/२.८ किंवा त्याहून मोठं (म्हणजे आकडा २.८ किंवा त्याहून लहान), शटर वीस सेकंदाच्या आत नाहीतर तारे लांबट येतात. फोकस व्याधावर करून घ्या, तो सगळ्यात तेजस्वी, मग लेन्सच्या रिंगला चिकटपट्टी लावून टाका. खरी युक्ती एकच, एकामागे एक फोटो आपोआप निघत राहतील असं लावून विसरून जा, कारण उल्का बघून बटन दाबणारा कधीच जिंकत नाही. तीनशे फोटोंत पाच-सहा रेघा आल्या तर भरून पावलो म्हणायचं. एक्स्ट्रा बॅटरी आतल्या खिशात, थंडीत ती लवकर उतरते, आणि लेन्सवर दव बसतं म्हणून दर अर्ध्या तासाने बघा.

कॅमेऱ्याचा स्क्रीन पण लाल कागदाने झाका, नाहीतर शेजारी झोपलेले सगळे ओरडतात.

आणि अरोराचं काय

हे दरवेळी कोणीतरी विचारतंच, कारण रीलमध्ये ध्रुवाकडच्या आकाशात हिरव्या उजेडाचे पडदे हलताना बघितलेले असतात. सरळ उत्तर, इंदूरहून दिसणार नाही. अरोराही उल्कांच्याच उंचीला सुरू होतो, शंभर किलोमीटरच्या वर, पण तो सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांचा खेळ, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं. तिथे ऑक्सिजनमुळे हिरवा रंग, त्याहून बऱ्याच वर, दोनशे किलोमीटरच्या पुढे, लाल.

तरी भारताशी नातं अगदीच नाही असं नाही. १० आणि ११ मे २०२४ च्या मोठ्या सौर वादळात लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतून क्षितिजालगत लाल उजेड टिपला गेला, तोही लालच, कारण उंचावरचा तेवढाच भाग इतक्या दूरून क्षितिजावर डोकावतो. आणि १८५९ च्या सप्टेंबरमधलं जे सगळ्यात प्रसिद्ध सौर वादळ, त्याची चुंबकीय नोंद करणाऱ्या मोजक्या जागांमध्ये मुंबईची कुलाबा वेधशाळा होती, आजही अभ्यासक ते आकडे काढून बघतात.

बघायचाच असेल तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो, स्वीडनचं आबिस्को, आइसलँड, अलास्कातलं फेअरबँक्स, सप्टेंबर ते मार्च, कारण उन्हाळ्यात तिकडे रात्रच होत नाही. एका रात्रीचं पॅकेज घेऊ नका, ढगांनी खाल्लं की पैसे पाण्यात, निदान चार रात्री ठेवा. पृथ्वीच्या चुंबकत्वात किती खळबळ आहे ते सांगणारा केपी नावाचा शून्य ते नऊचा आकडा अ‍ॅपवर दिसतो, पण ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी दोन-तीन असला तरी बघायला मिळतं, तिथे केपीपेक्षा ढगांचा अंदाज जास्त महत्त्वाचा. आणि मनाची तयारी ठेवा, मंद अरोरा डोळ्यांना राखाडी ढगासारखा दिसतो, हिरवा रंग आधी कॅमेऱ्याला दिसतो. माझ्या मामेबहिणीने पहिली वीस मिनिटं तो ढग समजून घालवली. बाकी अंधारात डोळे तयार करणं, लाल टॉर्च, ट्रायपॉड, सगळं जानापावला शिकलेलंच कामी येतं, फक्त रजईच्या जागी तिकडचे भाड्याचे सूट.

परत येताना

सगळ्यात धोक्याची वेळ उल्का संपल्यानंतरची, पहाटे साडेचार-पाच. रात्रभर जागलेला माणूस, घाटाचा रस्ता, समोरून ट्रक, कधी धुकं. म्हणून गाडी चालवणाऱ्याला आधीच ठरवून एक ते तीन गाडीत झोपवायचं, त्याच्या वाटणीच्या उल्का बाराच्या आत दाखवून टाकायच्या, आणि त्याने कितीही सांगितलं की मला झोप येत नाहीये तरी ऐकायचं नाही. महूला पोचेपर्यंत चहाच्या गुमट्या उघडायला लागतात, तिथे दहा मिनिटं उतरा, तोंड धुवा, वहीतल्या रेघा तिथेच मोजा, कारण घरी गेल्यावर वही गादीच्या वळकटीत जाते ती पुढच्या डिसेंबरलाच निघते. पोहे-जलेबी इंदुरात येऊन खा. पैसे भाऊ देईल.